कटरला बांधलेला नाडा

आमच्या दिरानं लाकूड कापायची चेन सॉ घेतली ती तिचा आवाज ऐकून. बैल घेताना माणूस दात तरी पाहतो. या माणसानं यवतमाळच्या दुकानात ती फक्त सुरू करायला लावली. दुकानदारानं दोरी ओढली, मशीन किंचाळली आणि याचा चेहरा असा खुलला की दुकानदाराला पुढं तोंड उघडायची गरजच उरली नाही. मी शेजारी उभी होते म्हणून सांगते. मला बरोबर नेलं होतं ते माहितीपत्रकातलं इंग्रजी वाचायला. वाचलेलं ऐकायचं असतं हे मात्र ठरलं नव्हतं.

कापसानं सगळ्यांना रडवलं ती वर्षं होती. बोंड बाहेरून टवटवीत दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. आमच्या बोरी अरबला जो तो कापसाला शिव्या घालायचा आणि पेरणीला पुन्हा कापसाचंच बियाणं आणायचा. दिराच्या डोक्यात निदान काही वेगळं तरी आलं. बांधावरच्या बाभळी, वाळलेले कडुनिंब तोडून जळतण विकायचं. लग्नाचे आचारी आहेत, रस्त्यावरचे ढाबे आहेत, गिऱ्हाईक कुठं जात नाही. विचार चांगला होता. पण आमच्या घरात कोणताही चांगला विचार आधी पारावर नेऊन सांगावा लागतो, आणि पारावर बसणारे, ज्यांनी जन्मात कुऱ्हाडीशिवाय काही उचललं नाही, ते म्हणाले की घ्यायची तर मोठीच घे.

दुकानात दोन मशिनी समोर ठेवल्या होत्या. एक हलकी, आखूड पट्टीची; पट्टी म्हणजे जिच्यावर दातेरी साखळी फिरते ती. दुसरी अंगापेक्षा पट्टी लांब, आणि वजन असं की दुकानाच्या नोकरानं ती टेबलावर ठेवताना दातओठ खाल्ले.

"आपल्या बाभळीचं खोड केवढं असतं?" मी दिराला विचारलं.

त्यानं दोन्ही हातांनी दाखवलं. साधारण घागरीएवढं.

"मग ही आखूड पट्टी पुरते. हलकी आहे, दिवसभर धरली तरी हात थकणार नाही. थकलेल्या हातात अशी वस्तू नको."

दुकानदार हसून दिराला म्हणाला, "भाऊ, ते लेडीज साइज हाय."

झालं. सौदा तिथंच संपला. दोघांनी एकमेकांकडं पाहून जे हसू केलं ते मी चांगलं ओळखते. कृषी केंद्राच्या काउंटरवर कुणी औषधाचं प्रमाण विचारलं की तिथंही हेच हसू मिळतं. विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्याला विचारायची लाज वाटते, म्हणून दोघंही हसतात. दिरानं मोठी मशीन उचलली, खांद्यावर टाकली आणि एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरनं ती खाली ठेवायला सांगितली तर याला राग आला.

चहा येईपर्यंत मी दुकानातच माहितीपत्रक वाचून काढलं होतं. मी मूळची नेरची. माझे वडील कचेरीत होते, आणि आमच्याकडं साधा रेडिओ आला तरी आधी कागद वाचायचा, मग बटण दाबायचं. त्या कागदात एक गोष्ट ठळक छापली होती. पट्टीचं टोक कशावर तरी टेकलं की मशीन उसळी घेऊन सरळ धरणाऱ्याच्या तोंडाकडं येते. माणसाला मान फिरवायलाही वेळ मिळत नाही. त्यासाठी पुढच्या मुठीसमोर काळ्या प्लॅस्टिकचा एक पंजा असतो. मशीन उसळली की मनगट त्या पंजावर आपटतं, पंजा पुढं जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. हा तिचा ब्रेक. दुकानदाराला मी विचारलं की हे काय आहे, तर म्हणाला, "हाताले भुसा लागू नाही म्हणून असते ते."

असल्या माणसाकडून आम्ही मशीन आणली.

मी लग्न होऊन आले तेव्हा दीर शाळेत होता. त्याचा डबा मी भरायची, त्याच्या सदऱ्याची बटणं मी लावायची. नवरा नोकरीमुळं कायम बाहेरगावी, त्यामुळं हा माझ्याच डोळ्यांसमोर वाढला. म्हणून त्याचा राग येतो तो पोटच्या पोराचा यावा तसा येतो. ती मशीन घरात आली त्या दिवसापासून मला एकच भीती होती, की एक दिवस हा माणूस आपला गळा चिरून घेणार आणि वर म्हणणार, काही नाही झालं वैनी.

कागदावर चित्रं होती. एका माणसानं डोक्यावर टोप, डोळ्यांवर चष्मा, कानांवर झाकणं, पायात जाड बूट घातलेले. दिरानं ते पाहिलं.

"हा लाकूड तोडाले चालला का चंद्रावर?"

घरातल्या सगळ्यांना हे फार आवडलं. सासूबाई तर डोळ्याला पदर लावून हसल्या. मी उठून त्यांचं लोखंडी कपाट उघडलं. फवारणी करताना औषध अंगात जाऊन माणसं दवाखान्यात पडली होती, काही घरी परतलीच नाहीत. त्यानंतर गावात चष्मे, तोंडाचे मास्क, हातमोजे वाटले गेले होते. आमच्या वाट्याचे सासूबाईंनी ठेवणीतल्या साड्यांच्या खाली घालून ठेवले होते. वस्तू चांगली आहे, वापरली तर खराब होईल, हे त्यांचं म्हणणं. औषध उघड्या अंगानं मारायचं आणि हातमोजे डांबराच्या गोळ्या घालून जपायचे, असा आमच्याकडचा शहाणपणा.

चष्मा मी बाहेर काढला. दीर तो घालायचा, नाही असं नाही. कपाळावर घालायचा.

तरी मी मागं लागले. चपला घालून मशीन धरायची नाही. लाकूड जमिनीवर लोळवून कापायचं नाही, दोन फळ्यांच्या फुल्या ठोकून घोडी करायची आणि त्यावर ठेवून कापायचं. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. पट्टीच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला राहायचं. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं मिसळायचं, अंदाजानं नाही. दात बोथट झाले की गोल कानशीनं घासायचे, जोर लावायचा नाही. आणि काही झालं तरी टोकानं कापायचं नाही. यातलं त्यानं काय ऐकलं? बूट घेतले, कारण बूट घालून तो पारावर जाऊ शकत होता. घोडी केली, कारण वाकून कंबर दुखायला लागली. बाकी सगळं 'हो वैनी'.

मग दसरा आला.

आमच्याकडं दसऱ्याला घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पाटावर मांडतात. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, मोटारसायकल दारात. सासूबाई प्रत्येकाला हळदकुंकू लावतात आणि लाल नाडा बांधतात. मोटारसायकलच्या हँडलला बांधला तर कुणाचं काही बिघडत नाही. कटरला कुठं बांधायचा? हो, गावात सगळे तिला कटरच म्हणायचे. सासूबाईंनी नीट पाहिलं. वरच्या मुठीजवळ ती काळी पंजासारखी वस्तू होती; देवासारखी हात वर केलेली दिसली त्यांना. मूठ आणि पंजा दोन्ही एकत्र घेऊन त्यांनी नाड्याचे वेढ्यावर वेढे दिले, मध्ये कापडात सुपारी बांधली, आणि गाठीवर गाठ मारली.

"आत्याबाई, हा ब्रेक आहे," मी म्हटलं. "हा पुढं गेला तरच साखळी थांबते. तुम्ही तो मुठीला बांधून टाकला."

"देवाचं बांधलं म्या. ब्रेकाचं काय घेऊन बसली?"

"दुसरीकडं बांधा. मागच्या दांड्याला बांधा."

"एकडाव बांधलं ते सोडत नसते बाई. तुह्या माहेरी सोडत असन."

दीर तिथंच सोनं वाटत उभा होता. ब्रेक कसा चालतो हे त्याला मी करून दाखवलं होतं, त्यानं स्वतः दोनदा करून पाहिलं होतं. पण आईसमोर बोलायचं म्हटलं की या धिप्पाड माणसाच्या तोंडात सोनपापडी अडकते.

चार दिवस मी वाट पाहिली. मग एका सकाळी सगळे उठायच्या आत मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि पंजाभोवतीचे वेढे कापून टाकले. मुठीवरचा थोडा नाडा तसाच राहिला, सुपारीसकट. पंजा मोकळा झाला. मी तो पुढं ढकलून पाहिला, खट्ट आवाज आला, आणि मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात रविवारी मी शेतात डबा घेऊन गेले. दीर तोडलेल्या फांद्यांच्या ढिगात एक जाड फांदी कापत होता, घोडीवर न घेता, ढिगातल्या ढिगात. चष्मा कपाळावर. मी हाक मारणार एवढ्यात पट्टीचं टोक आतल्या कुठल्यातरी दांडक्याला लागलं. मशीन उडाली. मला फक्त इतकं दिसलं की ती पट्टी त्याच्या मानेकडं गेली, आणि मी हातातला डबा टाकला. साखळी थांबलेली होती. थांबलेली पट्टी त्याच्या खांद्यावर आदळली, तो मागं बसला, खांदा काळानिळा झाला, बस. मी जवळ गेले आणि आधी त्याची मान पाहिली, मग त्याच्या थोबाडीत मारली. तो लहान पोरासारखा माझ्याकडं पाहत राहिला.

घरी सासूबाईंनी आधी मशिनीवरून मीठमिरच्या उतरवल्या, मग पोरावरून. मग त्यांना तुटलेला नाडा दिसला. मी सरळ सांगितलं की मी कापला, आणि कापला म्हणून तो जिवंत आहे. त्या मुठीवर उरलेला तुकडा चाचपत होत्या.

"एवढा नाडा राह्यला म्हणून वाचला माहा लेक," त्या म्हणाल्या. "सारा असता तं खरचटलंही नसतं."

मी दिराकडं पाहिलं. आता तरी बोल, मेल्या. तो हळद लावलेला खांदा धरून बसला होता. सासूबाईंनी नवा नाडा आणला आणि पहिल्यापेक्षा जाड बांधला.

संध्याकाळी मी भांडी घासत होते तिथं तो आला.

"वैनी, तुमच्यामुळंच वाचलो मी. मले समजते."

"मग आत जाऊन सांगा."

"मायले वाईट वाटन नं. जाऊ द्या. मी माहं पाहून घेतो."

त्यानं पाहून घेतलं ते असं. वेढे थोडे सैल करून घेतले. शेतात गेला की नाडा पंजावरून सरकवून नुसत्या मुठीवर घ्यायचा, दिवसभर काम करायचं, आणि गावाच्या अलीकडच्या नाल्यावर थांबून पुन्हा चढवायचा. मग मशीन खांद्यावर घेऊन आईच्या समोरून ऐटीत घरात. लग्नाच्या वयाचा माणूस, मिशा ठेवलेला, आपल्याला मरायचं नाही ही गोष्ट आईपासून लपवत होता. मला त्याची कीव यायला हवी होती. मला किळस आली.

गोष्ट इथंच राहिली असती तरी चाललं असतं. पण सासूबाईंनी नाड्याची कहाणी अख्ख्या गल्लीला ऐकवली, आणि गल्लीनं गावाला. तोवर आणखी काही जणांनी अशा मशिनी आणल्या होत्या, दिराचं पाहून. त्याही मोठ्या पट्टीच्याच, हे वेगळं सांगायला नको. एकेक जण नवी मशीन घेऊन आमच्या दारात यायला लागला. 'मावशी, तुमच्या हातचा बांधून द्या.' सासूबाई पाटावर मशीन ठेवायच्या, मूठ आणि पंजा एकत्र धरून नाडा बांधायच्या. अगदी तिथंच बांधायच्या, कारण गुण तिथं आला होता. मी दारव्ह्याच्या कचेरीत कारकून होते. सुट्टीच्या दिवशी घरी असले की त्या माणसाला तोंडावर सांगायची, घरी जाऊन हे कापून टाका. तो सासूबाईंकडं पाहून हसायचा. त्याही हसायच्या. 'आमची सून शिकेल हाय,' म्हणायच्या, एखाद्याला दमा आहे म्हणावं तशा.

आणि दीर काय करायचा? माणूस निघाला की पानठेल्यावर जातो म्हणून मागोमाग बाहेर पडायचा, गल्लीच्या वळणावर त्याला गाठायचा आणि कानात सांगायचा, शेतात गेला की सोड, घरी येताना बांध. हे त्यानंच मला सांगितलं, आणि वर मान ताठ करून सांगितलं, जणू काही मोठीच शक्कल लढवली. अशा रीतीनं आमच्या शिवारात सगळे मिशीवाले नाल्यावर थांबून नाडे चढवू लागले.

"एखादा तुम्ही नसताना आला तर?" मी विचारलं.

"नाही येत हो."

तो आला. शेजारच्या गावचा लग्नाचा आचारी होता, दिराकडूनच जळतण न्यायचा. कापसात त्याचेही हात पोळले होते. त्यानं विचार केला की लाकूड आपणच तोडावं. जुनी मशीन घेतली आणि नाडा बांधायला आमच्याकडं आला. मी कचेरीत होते. दीर नेरच्या बाजारात गेला होता. सासूबाईंनी बांधून दिला, चहा पाजला. संध्याकाळी दीर आला तेव्हा त्यांनी कौतुकानं सांगितलं की आचारी येऊन गेला. यानं मनाशी म्हटलं, उद्या जाऊन सांगतो. दुसऱ्या दिवशी ढाब्याची गाडी भरायची होती. तिसऱ्या दिवशी गेलाच नाही. मला यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

मशीन उसळली आणि आचाऱ्याचा डावा डोळा गेला. कपाळापासून गालापर्यंत टाके पडले.

यवतमाळला दवाखान्यात मी दिराबरोबर गेले. आचारी पट्ट्यांत गुंडाळलेला, पण शुद्धीत होता, बोलत होता. त्याची बायको उशाशी बसून मोसंबी सोलत होती. दिराला पाहून त्याला भरून आलं.

"भाऊ, तुह्या मायचा नाडा होता म्हणून डोयावर भागलं. नाहीतं गेलतो मी. मायले पाया पडतो म्हणून सांग."

मी दिराच्या तोंडाकडं पाहत होते. त्याचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "हो."

मला तिथल्या तिथं त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी आचाऱ्याला म्हटलं, "दादा, नाड्यानं वाचवलं नाही. नाड्यानं ब्रेक बांधला होता. बरे झालात की आधी तो कापा." त्याची बायको मोसंबी खाली ठेवून माझ्याकडं पाहत म्हणाली, "बाई, असं अभद्र नोका बोलू पेशंटपाशी." दीर तोवर बाहेर निघून गेला होता.

परत येताना एस.टी.त मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पुढच्या सीटवरच्या बाया वळून पाहत होत्या. तो खिडकीबाहेर कापसाच्या वाळल्या पराट्यांचे ढीग पाहत होता. घरी पोचलो तर सासूबाई दारातच.

"कसा हाय तो?"

दिरानं चपला काढल्या नाहीत. तिथंच उंबऱ्यावर बसला आणि सगळं सांगितलं. ब्रेक कसा चालतो, त्या दिवशी शेतात साखळी का थांबली, नाल्यावर नाडा कसा काढतो आणि घालतो, कुणाकुणाला सांगितलं, आचाऱ्याला सांगायचं कसं राहिलं. सांगताना रडत होता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं की आता म्हातारी आकांत करणार, देवाचं नाव घेणार, मला शिव्या घालणार.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले पह्यलेच सांगाचं होतं नं बापा. म्या काय नाही म्हटलं असतं?"

"वैनीनं सांगतलं होतं तुले."

"तुह्या वैनीचं काय घेऊन बसला? ते तं साऱ्यालेच नावं ठेवते. माह्या भाजीले ठेवते, तुह्या चपलेले ठेवते, मेलेल्या सासऱ्याले ठेवते. कोन्तं खरं मानाचं मी? तू तं कवाच काही म्हनत नाहीस. तू येक डाव म्हटलं असतं, माय सोड, तं सोडला असता म्या."

मला बोलायला पुष्कळ होतं.

त्या उठल्या, कोपऱ्यातल्या मशिनीपाशी बसल्या आणि नाड्याच्या गाठी नखांनी सोडायला लागल्या. स्वतः मारलेल्या गाठी त्यांना सुटेनात. मी कात्री आणून दिली. त्यांनी तो कापला आणि तुळशीत ठेवला. मग पदर डोक्यावर घेतला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मला म्हणाल्या, "चाल. ज्याच्या-त्याच्या घरी जा लागते. तू नोको सांगू, सांगतो मी. तू फक्त कात्री धर."

पहिलं घर आमच्याच गल्लीतलं होतं. म्हातारीनं दारातूनच हाक मारून घरच्या माणसाला मशीन बाहेर आणायला लावली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "चुकलं माहं. त्या आचाऱ्याचा डोया माह्या नाड्यानं गेला."

मी कात्री पुढं केली.